नाकाला ओल हवी

एक नाकपुडी बोटाने दाबून दुसरीने श्वास घ्या, मग बाजू बदलून पाहा. बहुतेकांना एकीकडून हवा सहज जाताना जाणवेल आणि दुसरीकडून जरा अडखळत. सर्दी नसतानाही असं होतं. काही तासांनी पुन्हा पाहिलंत, तर बाजू बदललेली असण्याची शक्यता मोठी. जर्मन वैद्य रिचर्ड कायझर यांनी १८९५ साली या अदलाबदलीचं वर्णन केलं. तिला नासाचक्र म्हणतात.

नाकाच्या आत दोन्ही बाजूंच्या भिंतींवर प्रत्येकी तीन वळणदार हाडं असतात. त्यांच्यावरच्या ओलसर अस्तरात रक्ताने भरणाऱ्या पोकळ्या असतात. आपल्या इच्छेवर न चालणारी मज्जासंस्था एका बाजूच्या पोकळ्या भरू देते आणि दुसरीकडच्या आकसवते. भरलेली बाजू फुगते, तिथून हवा कमी जाते आणि तेवढ्या वेळात तिथल्या अस्तराला गमावलेला ओलावा भरून काढता येतो, असं मानलं जातं. कुशीवर झोपल्यावर खालची नाकपुडी बंद वाटते, तीही या पोकळ्यांमुळेच.

सर्दीत हेच अस्तर दोन्हीकडे एकदम सुजतं. चोंदलेलं नाक कितीही शिंकरलं तरी मोकळं होत नाही, कारण अडथळा शेंबडाचा कमी आणि सुजेचा जास्त असतो. उलट जोर लावून शिंकरल्याने शेंबूड आजूबाजूच्या हाडांतल्या पोकळ्यांत, म्हणजे सायनसमध्ये ढकलला जाऊ शकतो. एका वेळी एकच नाकपुडी, हलक्या जोराने, एवढं पुरतं.

या अस्तराला इतका ओलावा लागतो कशाला? मोठा माणूस दिवसाला सुमारे १० हजार लिटर हवा आत घेतो. फुप्फुसांना थंड, कोरडी हवा सोसत नाही. नाकपुडीतून घशापर्यंतच्या एवढ्याशा वाटेत, सेकंदभरही न घालवता, ती हवा शरीराच्या तापमानाच्या जवळ येते आणि बाष्पाने जवळजवळ भरून जाते. ते पाणी अस्तरच देतं. वळणदार हाडांमुळे हवा जास्तीत जास्त पृष्ठभागाला घासून जाते. तोंडाने श्वास घेतला की ही सोय बरीचशी हुकते. रात्रभर तोंड उघडं ठेवून झोपलेल्याचा घसा सकाळी का सुकतो, ते यावरून कळेल.

आता शेंबडाबद्दल. त्याची किळस वाटते हे खरं, पण त्याच्याइतकं कष्टाळू द्रव्य शरीरात थोडंच असेल. तो बहुतांशी पाणीच असतो, पण त्यातली चिकट प्रथिनं धूळ, परागकण आणि जंतू धरून ठेवतात, तर प्रतिपिंडं (अँटिबॉडी) आणि विकरं (एन्झाइम) त्या जंतूंशी झुंजतात. लायसोझाइम नावाचं असंच एक विकर अलेक्झांडर फ्लेमिंग यांना सर्दी झालेल्या माणसाच्या शेंबडात सापडलं. त्याबद्दल त्यांनी १९२२ साली लिहिलं. पेनिसिलिनचा शोध त्यांना त्यानंतर सहा वर्षांनी लागला.

हा शेंबूड एका जागी थांबत नाही. अस्तरावरचे सूक्ष्म केस सेकंदाला दहा-पंधरा वेळा हलतात आणि सरकत्या पट्ट्यासारखा त्याला मिनिटाला काही मिलिमीटर या गतीने घशाकडे नेतात. आपण तो नकळत गिळतो आणि जठरातलं आम्ल बहुतेक जंतूंचा निकाल लावतं. हे केस पातळ पाण्यासारख्या थरात हलतात. तो थर आटला की त्यांची गती मंदावते आणि शेंबडाची मेकडं होतात. सिगारेटच्या धुरानेही या केसांचं काम बिघडतं.

म्हणून नाकाची निगा राखायची म्हणजे मुख्यतः ही ओल राखायची. नाक कोरडं पडत असेल तर औषधाच्या दुकानात मिळणारे सलाइनचे थेंब पुरतात. मिठाच्या पाण्याने नाक धुण्याचाही फायदा होतो, पण पाणी उकळून थंड केलेलंच हवं. न उकळलेल्या पाण्यातला नेग्लेरिया नावाचा अमीबा नाकावाटे मेंदूपर्यंत पोचून जिवावर बेतल्याची दुर्मीळ पण खरी उदाहरणं आहेत. इथे आळस नकोच.

नाक क्षणात मोकळं करणाऱ्या, झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिन असलेल्या स्प्रेबद्दल मला कळकळीने सांगावंसं वाटतं. ते रक्तवाहिन्या आकसवतात. तीन-चार दिवसांपेक्षा जास्त वापरले, तर औषधाचा असर उतरताच अस्तर आधीपेक्षा जास्त सुजतं, माणूस पुन्हा स्प्रे मारतो आणि या फेऱ्यात महिनोन्‌महिने अडकतो. ॲलर्जीसाठी डॉक्टर देतात तो स्टिरॉइडचा स्प्रे वेगळा. त्याचा पूर्ण परिणाम दिसायला काही दिवस लागतात. तो मारताना स्प्रेचं तोंड दोन नाकपुड्यांच्या मधल्या पडद्याकडे न ठेवता बाहेरच्या बाजूला, कानाच्या दिशेने ठेवावं.

मधल्या पडद्याच्या पुढच्या भागात बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं असतं. कोरडेपणाने किंवा बोट घालून कोरल्याने तिथेच घोळणा फुटतो. अशा वेळी मान मागे टाकायची नाही, रक्त घशात उतरतं. पुढे वाकून नाकाचा मऊ भाग दहा ते पंधरा मिनिटं सलग दाबून धरायचा आणि तोंडाने श्वास घ्यायचा. तरीही रक्त थांबलं नाही, तर डॉक्टरांकडे जायचं. लहान मुलाच्या एकाच नाकपुडीतून घाण वासाचा स्राव येत असेल, तर आत काहीतरी अडकल्याची शंका घ्यावी. ती बटणासारखी बॅटरी असेल, तर काही तासांतच पडदा जळतो, तेव्हा तातडी करावी.

गंधालाही ओल लागते. नाकाच्या छताशी गंधपेशींचा छोटासा पट्टा असतो आणि वासाचे रेणू तिथल्या ओलाव्यात विरघळल्यावरच त्यांच्यापर्यंत पोचतात. माणसात गंधग्राहकांचे सुमारे ४०० प्रकार आहेत. त्यांच्यामागची जनुकं लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ साली शोधली, त्याबद्दल त्यांना २००४ चं नोबेल मिळालं. बहुतेक चेतापेशी एकदा गेल्या की परत येत नाहीत. गंधपेशी मात्र आयुष्यभर नव्याने तयार होत राहतात. विषाणूच्या संसर्गानंतर वास गेलेल्यांसाठी थॉमस हुमेल यांनी जर्मनीत सुचवलेला सराव या गुणावरच विसंबतो: गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग यांचे वास रोज दोनदा, लक्ष देऊन, निदान तीन महिने घ्यायचे. सगळ्यांनाच गुण येतो असं नाही, पण ज्यांना येतो त्यांना तो आठवड्या-आठवड्याने, हळूहळू जाणवतो.