पार्श्वभूमी: लाकडी बाणाचे पौंड आणि कार्बनचा आकडा जुळत का नाहीत

ओढायला ४५ पौंडांचा जोर लागणाऱ्या लाँगबोला (लांब, साध्या पारंपरिक धनुष्याला) ५०० स्पाइनचा, म्हणजे ५०० या ताठपणाच्या आकड्याचा, कार्बन बाण लावला, की तो उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्याच्या डावीकडे जातो. तिरंदाज आपल्या रिलीजला, म्हणजे दोरी सोडण्याच्या पद्धतीला, दोष देतो, महिनोन्‌महिने बोटे सुधारत बसतो. पण बहुतेक वेळा दोष त्याच्या बोटांचा नसतो. बाणच गरजेपेक्षा खूप ताठ असतो, आणि तसा निवडला जातो तो एका चुकीच्या भागाकारामुळे.

बाणाचा ताठपणा धनुष्याशी जुळवणे हे कौशल्य फार जुने आहे. पण त्याला आकडा नव्हता. बाणाची काठी हातात वाकवून पाहायची, सोडून पाहायची, जुळल्या तेवढ्या ठेवायच्या. १५४५ मध्ये बुडालेल्या ‘मेरी रोझ’ या इंग्लिश युद्धनौकेवर सुमारे साडेतीन हजार बाण सापडले, त्यातले बरेचसे पॉप्लरचे. त्यावर ताठपणाचे मोजमाप अर्थातच लिहिलेले नाही.

हे जुळवावे का लागते, याचा डोळ्यांना दिसणारा पुरावा १९३० च्या दशकातल्या अतिवेगवान छायाचित्रणाने दिला. बोटांवरून सुटताना दोरी बाजूला सरकते. बाणाचा मधला भाग आधी धनुष्याकडे दाबला जातो, मग उलट बाहेर फुगतो, आणि त्या लाटेतच शेपूट मुठीला न घासता निघून जाते. काठी फार ताठ असेल तर ही लाट पुरेशी उठत नाही आणि बाण डावीकडे जातो. फार लवचीक असेल तर तो उजवीकडे जातो.

पुढे अमेरिकेतल्या उत्पादकांनी लाकडी काठीसाठी एक रीत पक्की केली. २६ इंच अंतरावरच्या दोन टेकूंवर काठी ठेवायची, मधोमध २ पौंडांचे वजन टांगायचे, काठी किती इंच वाकते ते मोजायचे आणि २६ ला त्या वाकाने भागायचे. वाक ०.५२ इंच आला तर काठी ५० पौंडांची, म्हणजे ढोबळमानाने ५० पौंडांच्या धनुष्याजोगी. हा आकडा थेट धनुष्याच्या भाषेत बोलतो, म्हणून तो टिकला. मापन मात्र नाजूक आहे. ५० पौंडांच्या आसपास वाक मोजताना ०.०१ इंचाची चूक झाली तर जवळपास एका पौंडाचा फरक पडतो, ७० च्या आसपास जवळपास दोनाचा. काठी कशी फिरवून ठेवली यावरही आकडा बदलतो. लाकडातल्या वाढीच्या वर्तुळांच्या उभ्या रेषा ज्या बाजूला दिसतात ती बाजू जास्त ताठ असते. तीच धनुष्याला टेकवायची असते, म्हणून मोजतानाही वजनाचा दाब त्याच दिशेने यायला हवा.

पोकळ अ‍ॅल्युमिनियमच्या आणि नंतर कार्बनच्या काठ्यांना मात्र वेगळी रीत लागू झाली. टेकूंमधले अंतर २८ इंच, वजन १.९४ पौंड म्हणजे ८८० ग्रॅम, आणि भागाकार नाही. वाक जेवढा, तेवढाच आकडा, इंचाच्या हजाराव्या भागात. ०.५०० इंच वाकली तर ५००. त्यामुळे आकड्याची दिशाच उलटली. लाकडात मोठा आकडा म्हणजे ताठ काठी, कार्बनमध्ये मोठा आकडा म्हणजे लवचीक.

या निर्णयाच्या बाजूने बोलणारे म्हणतात, की मोजलेली गोष्ट जशीच्या तशी छापणे जास्त प्रामाणिक आहे. काठीच्या आकड्याला धनुष्याचे पौंड म्हटले, की लोक डोळे मिटून ५० च्या धनुष्याला ५० ची काठी घेतात. हे म्हणणे खरे आहे. बाणासाठी मध्यापर्यंत खिडकी (खाच) कापलेल्या रिकर्व्हला (टोके पुढे वळलेल्या धनुष्याला) आणि रुंद मुठीच्या लाँगबोला, दोघांचे ड्रॉ वेट (ओढायला लागणारे पौंड) सारखे असले तरी, एकच काठी चालत नाही. लाँगबोला साधारण ५ पौंडांनी, कधी त्याहूनही जास्त पौंडांनी, कमी ताठ काठी लागते. पण त्यासाठी अंतर आणि वजन दोन्ही बदलण्याची गरज नव्हती. २६ इंच आणि २ पौंड तसेच ठेवून नुसता वाक छापला असता, तर आजचा गोंधळ झालाच नसता.

गोंधळ असा की कार्बनचे पौंड काढताना अनेक तक्ते सरळ २६ भागिले ०.५०० करतात आणि ५२ लिहून मोकळे होतात. वाक अंतराच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. २८ भागिले २६ याचा घन सुमारे १.२५ येतो. वजन किंचित कमी असल्यामुळे एकूण फरक १.२१ पट होतो. म्हणून कार्बनचा वाक आधी ०.८२५ ने गुणायचा आणि मग २६ ला त्याने भागायचे. तसे केले की ५०० म्हणजे ६३ पौंड, ६०० म्हणजे साधारण ५२ आणि ७०० म्हणजे ४५. सुरुवातीच्या लाँगबोवर ५२ पौंड समजून लावलेला बाण प्रत्यक्षात ६३ पौंडांचा असतो. कार्बनची काठी हलकी असते आणि लवकर सावरते, म्हणून हे रूपांतरही अंतिम उत्तर नाही. पण सुरुवात ११ पौंडांच्या चुकीने होत नाही.

पारंपरिक धनुष्यांवर लांब काठी आणि २०० ग्रेनच्या (ग्रेन हे बाणाच्या वजनाचे छोटे एकक) पुढची जड टोके इतकी रुळली, त्यामागे जड टोकाचे इतर फायदे आहेतच. पण ताठ निवडलेली काठी नरम करण्याची धडपडही त्यात मोठी आहे. ढोबळ हिशेब असा: लाकडी काठी एक इंच कापली की ती सुमारे ५ पौंडांनी ताठ वागते, टोक २५ ग्रेनने जड केले की जवळपास तेवढीच नरम वागते. लाकडाला आणखी एक सोय आहे, पॉलिश पेपर. ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने बदलतो, म्हणून ११/३२ इंची काठीचा व्यास फक्त पाव मिलिमीटरने उतरवला तरी सुमारे ११ टक्के ताठपणा जातो. ५५ ची काठी ४९ वर येते. काठी सारखी फिरवत घासायची आणि दर काही फेऱ्यांनी मोजायचे, कारण गेलेला ताठपणा परत येत नाही. १९८० च्या दशकापासून आलेल्या, फारशा न ताणल्या जाणाऱ्या दोऱ्यांनी उलट गरज निर्माण केली. बाणाला धक्का जोरात बसतो, म्हणून काठी थोडी ताठ लागते. अर्थात ज्याचे धनुष्य अशा दोरीसाठी बांधलेले नाही, त्याने ती लावूच नये.

शेवटचा निर्णय बिनपिसांच्या बाणानेच होतो. १० ते १५ मीटरवरून पिसांचे तीन आणि बिनपिसांचा एक बाण सोडायचा. बिनपिसांचा डावीकडे लागला तर तो ताठ, उजवीकडे लागला तर नरम. अंगठ्याने ओढणाऱ्या उजव्या हाताच्या तिरंदाजाचा बाण धनुष्याच्या उजव्या अंगाला असतो, त्यामुळे त्याने हे उलटे वाचायचे. टार्गेटमध्ये बाण कोणत्या कोनात रुतला यापेक्षा तो कुठे लागला यावर भर द्यावा, कारण गवताची गादी किंवा फोम कोन बदलून टाकतो. आणि खूप ताठ बाण मुठीवर आपटून उजवीकडे उडतो, तेव्हा तो नरम असल्यासारखा दिसतो. त्याला नरम समजून आणखी ताठ काठी घेतली, की घोटाळा वाढतच जातो. म्हणून पूर्ण लांबीची, नक्की नरम वाटणारी काठी आणि जड टोक घेऊन सुरुवात करावी. मग काठी एका वेळी पाव इंच कापत जावी, बिनपिसांचा बाण उजवीकडून सरकत पिसांच्या बाणांशेजारी येईपर्यंत.