जवानाचा नर्स ऑफिसर होणं (अमेरिकी सैन्यदलं)

अमेरिकेच्या आर्मी, नेव्ही किंवा एअर फोर्समध्ये साध्या भरतीतून शिरलेला माणूस पुढे नर्सिंगची डिग्री आणि लायसन्स मिळवून त्याच दलात कमिशन्ड ऑफिसर, म्हणजे सरकारी सनद (कमिशन) मिळालेला अधिकारी, होऊ शकतो, त्या वाटेची ही नोंद. मरीन कोअरकडे स्वतःचं मेडिकल खातंच नाही, त्यांच्या जखमींना नेव्हीचे कोअरमन (नेव्हीतले मेडिक) आणि नेव्हीच्याच नर्स बघतात, त्यामुळे मरीनला नर्स व्हायचं असेल तर नेव्हीच्या योजनेतून जावं लागतं.

एक गैरसमज आधीच काढून टाकलेला बरा, हे प्रमोशन नाही. सार्जंट कितीही वर्षं चांगलं काम करत राहिला तरी बढती मिळत मिळत नर्स लेफ्टनंट होत नाही. रजिस्टर्ड नर्सचं पद तिथे ऑफिसरचंच असतं, त्यामुळे कुणी नोकरी सांभाळून बाहेरून आरएनचं (रजिस्टर्ड नर्सचं) लायसन्स काढलं तरी कमिशन मिळेपर्यंत तो युनिटमध्ये मेडिकच (जखमींवर पहिले उपचार करणारा जवानच) राहतो, लायसन्स खिशात आणि काम मेडिकचं.

ही व्यवस्था मुळात बायकांसाठी उभी राहिली. आर्मी नर्स कोअर, म्हणजे आर्मीतलं नर्सचं वेगळं खातं, 1901 ला सुरू झाली, नेव्हीची 1908 ला, एअर फोर्सची 1949 ला. सुरुवातीला नर्सना धड रँकच नव्हती, 1920 ला नावापुरती मिळाली, आणि कायमचं पूर्ण कमिशन यायला 1947 चा कायदा लागला. त्या वर्षी फ्लॉरेन्स ब्लँचफील्ड यांना आयझेनहॉवरच्या हस्ते कमिशन मिळालं, अमेरिकी आर्मीत कायमचं कमिशन मिळालेल्या त्या पहिल्या बाई. पुरुषांचं उलटंच होतं. दुसऱ्या महायुद्धात शिकलेसवरलेले, लायसन्सवाले पुरुष नर्स सैन्यात गेले तरी नर्स कोअरमध्ये त्यांना जागा नव्हती, मग ते साधे शिपाई म्हणून कुठे वॉर्डबॉयसारखं तर कुठे भलत्याच खात्यात राबले. 1955 ला कायदा बदलला आणि एडवर्ड लायन हे आर्मी नर्स कोअरमध्ये कमिशन मिळालेले पहिले पुरुष ठरले. आज मेडिकमधून नर्स झालेल्यांत पुरुष सहज दिसतात, त्याला सत्तर वर्षंच झालीत.

आता वाटा कोणत्या. जवानांना शिकवून ऑफिसर करणाऱ्या योजनांची ही लघुनावं: आर्मीची मुख्य योजना एईसीपी, नेव्हीची एमईसीपी, एअर फोर्सची एनईसीपी. तिन्हींचा गाभा एकच, निवड झाली की माणूस युनिटमधून सुटतो, फुलटाइम कॉलेजात बसतो आणि पगार, घरभाडं, मेडिकल सगळं चालू राहतं कारण कागदोपत्री तो ड्यूटीवरच असतो. कॉलेज हीच ड्यूटी. बदल्यात डिग्रीनंतर ठरलेली वर्षं ऑफिसर म्हणून द्यावी लागतात. फरक बारीकसारीक आहेत पण खिशाला लागणारे, म्हणजे नेव्हीच्या योजनेत पगार चालू असला तरी फी ज्याची त्याने भरायची, म्हणून बरेच जण त्यासाठी जीआय बिलाचे, म्हणजे सैनिकांना शिक्षणासाठी मिळणाऱ्या सरकारी मदतीचे, महिने वापरतात. याशिवाय आरओटीसीतून (कॉलेजातल्या ऑफिसर प्रशिक्षणातून) जाता येतं, किंवा नोकरी सोडून स्वतः शिकून थेट कमिशनसाठी अर्ज करता येतो, पण घरात लेकरं असतील तर महिन्याचा पगार बंद करून चार वर्षं कॉलेज करणं सगळ्यांना झेपत नाही, म्हणून या तीन योजनांवर उड्या पडतात.

निवडीआधीचं काम निवडीपेक्षा मोठं असतं. नर्सिंग स्कूलमध्ये घुसायला ॲनाटॉमी-फिजिऑलॉजी, मायक्रोबायोलॉजी, केमिस्ट्री, स्टॅटिस्टिक्स असे विषय आधीच झालेले लागतात, आणि ते लोक ड्यूटी संपल्यावर रात्री कम्युनिटी कॉलेजात नाहीतर ऑनलाइन एकेक करून उरकतात, मध्येच डिप्लॉयमेंट (मोहिमेवर रवानगी) आली की लॅबचा विषय लटकतो. त्यात शाळेचं प्रवेशपत्र, कमांडिंग ऑफिसरची शिफारस, नर्स कोअरच्या ऑफिसरांच्या मुलाखती, पुन्हा नव्याने मेडिकल. आणखी एक जागा जिथे लोक फसतात ती म्हणजे दोन वर्षांची असोसिएट डिग्री. त्यावर आरएनचं लायसन्स मिळतं, सिव्हिल हॉस्पिटलात नोकरीही मिळते, पण ॲक्टिव्ह ड्यूटीच्या (पूर्णवेळ सेवेच्या) कमिशनला बीएसएन, म्हणजे नर्सिंगची बॅचलर डिग्रीच लागते आणि तीही मान्यताप्राप्त कॉलेजची. त्यानंतर एनक्लेक्स-आरएन, म्हणजे रजिस्टर्ड नर्सच्या लायसन्सची परीक्षा. ही परीक्षा कॉम्प्युटर उत्तरं बघून पुढचे प्रश्न ठरवत घेतो, सध्या कमीत कमी 85 आणि जास्तीत जास्त 150 प्रश्न, वेळ पाच तास. लायसन्स कुठल्याही एका राज्याचं चालतं, मग पोस्टिंग टेक्ससला असो की जर्मनीत.

सगळ्यात जास्त बोलण्यासारखा भाग म्हणजे जुन्या अनुभवाचं काय होतं तो. आर्मीचा 68-डब्ल्यू, म्हणजे कॉम्बॅट मेडिक, सॅन अँटोनियोच्या फोर्ट सॅम ह्यूस्टनला काही महिन्यांत तयार होतो आणि त्याचं शिक्षण रक्तस्राव थांबवणं, टूर्निके (हातपाय आवळून रक्त थांबवणारा पट्टा), छातीत सुई घालून अडकलेली हवा काढणं, श्वासनलिका मोकळी ठेवणं, जखमीला हेलिकॉप्टरपर्यंत जिवंत पोचवणं यावर उभं असतं. त्याचा पेशंट बहुतेकदा विशीतला, धडधाकट, तासाभरापूर्वीपर्यंत ठणठणीत. नर्सिंग स्कूलमध्ये समोर येतात सत्तरीचे आजोबा, शुगर, बीपी, किडनी अर्धी गेलेली, बारा गोळ्या चालू, आणि प्रश्न असा की यातल्या कुठल्या दोन गोळ्या एकमेकींशी भांडतायत आणि डॉक्टरला फोन आत्ता करायचा की लघवी मोजून मग. शिवाय ज्या माणसाने अफगाणिस्तानात एकट्याच्या जबाबदारीवर जखमी सांभाळले त्याला क्लिनिकलच्या पहिल्या सेमिस्टरला इन्स्ट्रक्टर शेजारी उभी असल्याशिवाय इंजेक्शनसुद्धा देता येत नाही, कारण मेडिकला मिळालेली मुभा सैन्याच्या प्रोटोकॉलपुरती, आणि स्टुडंट नर्सला काय करता येईल ते राज्याचा कायदा आणि कॉलेज ठरवतं. हे अपमानासारखं वाटतं खरं, पण माझ्या मते कायदा बरोबर आहे. 68-सी म्हणजे प्रॅक्टिकल नर्स झालेल्यांना हा धक्का कमी बसतो, त्यांचं ट्रेनिंगच साधारण वर्षभराचं, हॉस्पिटलातलं, आणि प्रॅक्टिकल नर्सच्या लायसन्सची परीक्षा, एनक्लेक्स-पीएन, त्यांनी आधीच दिलेली असते.

कमिशन आर्मीत आणि एअर फोर्समध्ये सेकंड लेफ्टनंटचं, नेव्हीत एन्साइनचं. या दिवशी एक जुनी पद्धत पाळतात, नव्या ऑफिसरला पहिला सॅल्यूट जो इन्लिस्टेड (साध्या भरतीतला, ऑफिसर नसलेला) माणूस करेल त्याच्या हातात चांदीचा डॉलर ठेवायचा, आणि खालून आलेले लोक त्यासाठी बहुतेक आपल्या जुन्या सार्जंटला किंवा नेव्हीत असतील तर चीफला बोलावून घेतात. अशा ऑफिसरला, खास करून नेव्हीत, मस्टँग म्हणतात.

वॉर्डात आल्यावरची अडचण वेगळीच. लेफ्टनंट नर्सच्या हाताखाली मेडिक आणि प्रॅक्टिकल नर्स असतात, त्यांचं वेळापत्रक, शिस्त, रोजची कामं बघायला वॉर्डाचा सार्जंट असतो. कालपर्यंत स्वतः सार्जंट असलेला लेफ्टनंट सवयीने त्याच्याच कामात हात घालतो, ट्रॉली लागली का, कोण उशिरा आलं, आणि तिकडे स्वतःचे चार्ट पडून राहतात. सार्जंटलाही ते आवडत नाही. दोस्तीही बदलते, ऑफिसर आणि इन्लिस्टेड यांच्यातल्या सलगीवर नियम आहेत, आधीच झालेलं लग्न चालतं पण जुन्या टोळक्याबरोबर पैसे लावून पत्ते खेळणं वगैरे बंद. फायदा मात्र पक्का आहे, मेडिक खोटं बोलतोय की खरंच दमलाय हे त्याला लगेच कळतं.

पैशाचं गणितही बघायला हवं. चार वर्षांपेक्षा जास्त ॲक्टिव्ह इन्लिस्टेड सेवा झालेली असेल तर पगार ओ-1 (ऑफिसरची सगळ्यात खालची पगारश्रेणी) ऐवजी ओ-1ई च्या तक्त्यातून मिळतो, तो जास्त असतो, आणि ही सोय ओ-3 पर्यंत म्हणजे आर्मीच्या कॅप्टनपर्यंत चालते, मेजर झालं की संपली. पेन्शन 20 वर्षांवर, त्यात आधीची वर्षं धरली जातात, पण ऑफिसरच्या रँकवर निवृत्त व्हायचं तर त्यातली साधारण 10 वर्षं ऑफिसर म्हणून भरावी लागतात. म्हणून चौदाव्या वर्षी कमिशन घेणाऱ्याला विसाव्या वर्षी ऑफिसरच्या रँकवर सुटता येत नाही असं धरूनच चालावं लागतं.

ब्रिटनमध्ये ही भिंत इतकी उंच नाही, तिथल्या आर्मीत रजिस्टर्ड नर्स कॉर्पोरलही असू शकते. भारतात चित्र तिसरंच. मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसची सुरुवात 28 मार्च 1888 ला मुंबईत उतरलेल्या दहा ब्रिटिश नर्सपासून धरतात, आणि तिथल्या ऑफिसर परंपरेने बायकाच. पुण्याचं एएफएमसी (सैन्यदलांचं मेडिकल कॉलेज), मुंबईचं नौदलाचं अश्विनी हॉस्पिटल अशा ठिकाणी बारावीनंतर चार वर्षं बीएस्सी करून मुली थेट लेफ्टनंट होतात. आर्मी मेडिकल कोअरचा नर्सिंग असिस्टंट जवान, ज्याचं काम अमेरिकी मेडिकच्या जवळ जातं, त्याला या सर्व्हिसमध्ये जायची अशी वाट नाही. त्याला ऑफिसर व्हायचं असेल तर डेहराडूनची आर्मी कॅडेट कॉलेज आहे, किंवा मेडिकल कोअरच्याच नॉन-टेक्निकल केडरमध्ये कमिशन आहे, पण ते काम हॉस्पिटलच्या कारभाराचं, स्टोअर्सचं आणि माणसांचं, पेशंटचं नाही.