डिमेन्शियाच्या पेशंटला केअर होममध्ये ठेवायचंय? कोकणातल्यांसाठी कागदपत्रं, पात्रता आणि संस्थेला काय विचारायचं

आत्या राजापूरकडच्या गावात एकटी, एक मुलगा विरारला एक डोंबिवलीला, आणि मी रत्नागिरीत, म्हणून धावपळ सगळी माझ्याकडे आली. रोज दिवेलागणीला आत्या पिशवी भरून, छत्री घेऊन पडवीत येऊन बसायची, मुंबईची गाडी पकडायचीय म्हणायची, गिरणीतून ‘हे’ सुटतील आणि डबा नसेल. ‘हे’ जाऊन वीस वर्षं झाली. एकदा अशीच निघाली ती विहिरीपाशी सापडली, आमच्या विहिरीला कठडा नाही, तेव्हा मुलांनी ठरवलं की आता पुरे. त्या पाच-सहा महिन्यांत जे कळलं ते लिहून ठेवतेय, कारण मला तेव्हा एका जागी कुणी सांगितलं नव्हतं.

आधी पात्रता. कायद्याने ज्येष्ठ नागरिक म्हणजे ६० पूर्ण (आईवडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह आणि कल्याण कायदा, २००७). सरकारी अनुदानावरचे जे वृद्धाश्रम आहेत तिथे पुरुषाला ६० आणि बाईला ५५ अशी अट असते, पण तिथे स्वतःचं स्वतः करणारा माणूस हवा असतो, रात्री उठून दार उघडणारा नको असतो, त्यामुळे ‘विसरते’ म्हटल्यावर तिकडे नाहीच म्हणतात आणि त्यांचंही चूक नाही, तेवढा स्टाफच नसतो. डिमेन्शिया घेणारी घरं वेगळी. ती वयापेक्षा तीन गोष्टी बघतात: निदान कागदावर आहे का, चालता येतं का, आणि मारहाण करतात का. तिसऱ्या प्रश्नाला खोटं उत्तर देऊ नका. आम्ही एका ठिकाणी ‘शांत आहे हो’ म्हणून सांगितलं, तिने आंघोळीला नेणाऱ्या मुलीचा हात चावला आणि चौथ्या दिवशी फोन आला, घेऊन जा.

निदान म्हणजे ‘वयामुळे होतं’ असं फॅमिली डॉक्टरने तोंडी सांगितलेलं नव्हे. न्यूरॉलॉजिस्ट किंवा सायकॅट्रिस्टचं सहीशिक्क्याचं सर्टिफिकेट लागतं, स्मरणाच्या चाचणीचे मार्क, डोक्याचा सीटी किंवा एमआरआय, आणि बी-१२ आणि थायरॉइडचे रिपोर्ट. शेवटचे दोन टाळू नका, बी-१२ कमी असलं किंवा थायरॉइड बिघडलं तरी माणूस असाच वागतो आणि औषधाने बराच सुधारू शकतो, मग केअर होमची गरजच उरत नाही. मुंबईला न्यायची गरज नाही, राज्यात सरकारी मनोरुग्णालयं चारच, ठाणे, पुणे, नागपूर आणि चौथं आपल्या रत्नागिरीत, तिथल्या ओपीडीत दाखवता येतं. नाव ऐकून घरचे बिचकतात, आमचे पण बिचकले, ‘वेड्यांच्या इस्पितळात नेलं’ असं गावात होईल म्हणे. झालं. आठ दिवसांनी लोक विसरले. फोनवर आधी बोलायचं असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६, फुकट आहे.

आता कागद. पेशंटचं आधार, रेशनकार्ड किंवा कुठलाही पत्त्याचा पुरावा, पासपोर्ट साइज फोटो पाच-सहा, वरचे सगळे रिपोर्ट, शिवाय साखर, क्रिएटिनीन, छातीचा एक्स-रे (टीबी नाही हे बघायला), चालू औषधांची चिठ्ठी डोससकट, ऍलर्जी असेल तर ती. ठेवणाऱ्याचं आधार आणि पॅन, आणि एक लोकल गार्डियन, म्हणजे रात्री दोन वाजता फोन केला तर तासाभरात पोचेल असा माणूस. विरारचा मुलगा इथे चालत नाही. जिल्ह्यातला कुणी पाहुणा, मित्र, कुणीतरी तयार करा, आणि त्याला खरंच विचारून नाव घाला.

करार स्टॅम्प पेपरवर होतो, १०० चा बंद झाला, ऑक्टोबर २०२४ पासून ५०० चा लागतो. त्यात डिपॉझिट किती दिवसांत परत, महिना मध्येच सोडला तर पैशाचं काय, डायपर आणि औषधं फीमध्ये की वेगळी, आणि तब्येत बिघडली तर कुठल्या हॉस्पिटलात नेणार, हे चार मुद्दे लिहून घ्या. मृत्यू झाला तर कुणाला आधी कळवायचं आणि गावी आणायचं की नाही हे पण. बोलायला जड जातं, पण नंतर भावाभावांत त्यावरूनच वाजतं.

सहीचा घोळ मोठा आहे. पेशंटची समज शाबूत असतानाच करून घ्यायच्या गोष्टी आहेत काही. लोक पॉवर ऑफ अॅटर्नी करून ठेवतात आणि निश्चिंत होतात, पण आपल्याकडे देणाऱ्याची बुद्धी गेली की ते अधिकारपत्रच संपतं, कराराच्या कायद्यात तसं आहे. बँकेचं खातं आधीच जॉइंट करा, ‘दोघांपैकी कुणीही’ असं. आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात ‘नामनिर्देशित प्रतिनिधी’ म्हणून एक सोय आहे, साध्या कागदावर पेशंटने सही किंवा अंगठा देऊन एखाद्याचं नाव लिहायचं, उपचाराच्या बाबतीत तो माणूस बाजूने बोलतो. वकील नको, स्टॅम्प नको. आत्याचं हे राहून गेलं. जमीन विकायची किंवा मोठी रक्कम काढायची वेळ आली आणि काहीच केलेलं नसेल तर पालक नेमून घ्यायला शेवटी हायकोर्टात जावं लागतं, ते वर्षाचं काम आहे, म्हणून सांगतेय.

इथपर्यंत संस्था तुमच्याकडे मागते ते झालं. आता तुम्ही त्यांच्याकडे मागायचं. आपण तिथे गरजू म्हणून जातो आणि गप्प बसतो, दोन खुर्च्या, एक गणपतीचा फोटो आणि हसरी मॅडम बघून सही करतो. तसं करू नका.

संस्थेची नोंदणी कसली आहे ते विचारा. ट्रस्ट असेल तर धर्मादाय आयुक्तांकडचा नंबर असतो, पण तो फक्त ट्रस्टचा, पेशंट ठेवायचा परवाना नव्हे. मानसिक आरोग्य कायद्यातली ‘आस्थापना’ची व्याख्या वाचलीत तर जिथे मानसिक आजाराची माणसं राहून काळजी घेतली जाते त्या जागा त्यात येतात आणि त्यांना राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी लागते, आणि मानसिक आजाराच्या व्याख्येत स्मरण आणि दिशाभानाचा गंभीर बिघाड येतोच. ‘आम्हाला नाही लागत’ म्हणाले तर का नाही लागत ते लेखी मागा. मग आगीचं. राज्याच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्यात जिथे यंत्रणा लागते त्या इमारतीच्या मालकाने परवानाधारक एजन्सीकडून ‘फॉर्म बी’, म्हणजे ती यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला, घ्यायचा असतो, वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत. ताजा कागद दाखवा म्हणा. लाल सिलिंडर भिंतीला लावलाय हे उत्तर नव्हे, आमच्या एका ठिकाणी त्यावर २०१९ ची तारीख होती.

कोकणात पुढचे प्रश्न जास्त महत्त्वाचे, शहरातल्या चेकलिस्टमध्ये ते सापडत नाहीत. २२ जुलै २०२१ ला चिपळूणात पाणी घरांच्या वरपर्यंत आलं होतं, त्याच्या आदल्या वर्षी ३ जूनला निसर्ग वादळात दापोली, मंडणगड, श्रीवर्धनकडे कितीतरी दिवस वीज नव्हती. मग विचारा: तळमजल्यावर किती पेशंट, जनरेटर कुठे ठेवलाय, तळमजल्यावरच असेल तर पूर आल्यावर त्याचा काय उपयोग, आणि रात्री पाणी चढलं तर उठता न येणाऱ्यांना उचलून वर नेणारे किती हात. पावसात जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं, तिथे धडधाकट माणूस घसरतो. संडासाचं दार बाहेर उघडतं का (आत पडली तर आत उघडणारं दार त्यांच्याच अंगाने अडतं), कडी बाहेरून काढता येते का, हाताला धरायला दांडा आहे का, रात्री मंद दिवा असतो का. विहीर झाकलेली आहे का. आवारातलं गवत कापतात का, कारण फुरसं आणि घोणस दोन्ही आपल्याकडे भरपूर, आणि सर्पदंशाची लस जवळात जवळ कुठे मिळते हे मॅनेजरला लगेच सांगता आलं पाहिजे, बघून सांगतो म्हणाला तर बाकीचं ऐकूच नका.

एकदा रात्री नऊनंतर जा. दिवसा सगळेच असतात. आम्ही तीन ठिकाणी असं गेलो, एका ठिकाणी बावीस जणांना एक मुलगी आणि ती पण स्वयंपाकघरात झोपलेली. दुसऱ्या ठिकाणी एक म्हातारे प्लास्टिकच्या खुर्चीला ओढणीने बांधलेले. ‘पडतात हो, आम्ही तरी कुठे कुठे बघणार’ असं सांगितलं त्यांनी अगदी सहज, रागवून नाही. म्हणून हे नीट वाचा: २०१७ च्या कायद्यात साखळीने बांधणं पूर्ण बंद आहे, आणि कुठलंही बांधणं तेव्हाच, जेव्हा लगेच होणारी इजा टाळायला दुसरा उपायच नाही आणि उपचाराची जबाबदारी असलेल्या सायकॅट्रिस्टने परवानगी दिलीय. नोंद करायची, चोवीस तासांत नामनिर्देशित प्रतिनिधीला कळवायचं. आणि स्टाफ कमी आहे एवढ्याच कारणाने बांधता येत नाही, हे कायद्यात स्पष्ट लिहिलंय. तसंच झोपेच्या गोळ्यांचं. सगळेच पेशंट दुपारी तीनला तोंड उघडं टाकून झोपलेले दिसले तर ती शांतता औषधाची असू शकते, औषधाचा तक्ता बघायला मागा, गोळी कुणी लिहिली आणि कधीपासून ते विचारा. मनोविकाराच्या काही गोळ्यांनी डिमेन्शियाच्या म्हाताऱ्यांना धोका वाढतो, हे जुनं आणि माहीत असलेलं आहे.

पडल्याची नोंदवही असते का ते पण बघा. एकही नोंद नसलेली वही म्हणजे कुणी पडत नाही असं नाही, कुणी लिहीत नाही असं. झोपून असणाऱ्यांना दर दोन तासांनी कूस बदलतात का, पेशंट हरवला तर पहिल्या दहा मिनिटांत कोण काय करतं, पोलिसांना किती वेळाने कळवतात (उत्तर ‘लगेच’ हवं, ‘आधी शोधतो’ नको).

आम्ही शेवटी जे घेतलं ते दिसायला साधं, भिंतीला पोपडे. पण तिथे संध्याकाळी आत्या छत्री घेऊन उठली तशी एक मुलगी तिच्याशेजारी बाकावर येऊन बसली आणि म्हणाली, ‘आजी, गाडी लेट हाय, तवर च्या घेऊया.’ आत्याने चहा घेतला. मी तिथेच फॉर्म भरायला घेतला, अर्थात फॉर्म बी बघितल्यावर.

पैशांचं थोडक्यात. केंद्राच्या अटल वयो अभ्युदय योजनेत संस्थांना डिमेन्शिया घरासाठी अनुदान मिळतं, तसं घर जवळपास आहे का हे जिल्ह्याच्या समाजकल्याण सहायक आयुक्तांच्या ऑफिसात विचारा. ७० च्या वरच्यांना आयुष्मान वय वंदना कार्ड, ५ लाखांपर्यंत, उत्पन्नाची अट नाही, पण ते हॉस्पिटलच्या ऍडमिशनला, केअर होमच्या महिन्याच्या फीला नाही. आयकर जुन्या करप्रणालीने भरत असाल तर ज्येष्ठांच्या डिमेन्शियाच्या उपचार खर्चावर १ लाखापर्यंत वजावट आहे, न्यूरॉलॉजिस्टचं ४० टक्के किंवा जास्त अपंगत्वाचं सर्टिफिकेट लागतं. मुलं पैसेच देत नसतील तर प्रांताधिकाऱ्यांकडच्या न्यायाधिकरणात अर्ज करता येतो, महिना १०,००० पर्यंत निर्वाहखर्च लावतात, पेशंटच्या वतीने दुसऱ्याने किंवा संस्थेने पण अर्ज चालतो. म्हाताऱ्या माणसाला कायमचं टाकून निघून गेलेल्या मुलांवर २००७ च्याच कायद्यात तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे.

ठेवल्यावर त्रास दिसला तर फोटो, तारीख, वेळ लिहून ठेवा, मॅनेजरला आधी लेखी द्या आणि पोच घ्या, मग समाजकल्याण, ट्रस्ट असेल तर धर्मादाय कार्यालय, मारहाण असेल तर सरळ पोलीस. ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७, सकाळी ८ ते रात्री ८.

आणि पेन्शन असेल तर नोव्हेंबरचा हयातीचा दाखला विसरू नका, ८० च्या वरच्यांना ऑक्टोबरपासून देता येतो. आता मोबाइलवर चेहऱ्याने होतो, बँकेत न्यायला नको, पण पेशंटने कॅमेऱ्याकडे बघून पापणी लववायला हवी. आत्याचं सातव्या वेळी झालं, फोन उलटा धरलाय म्हणून मला ओरडली.