जुनं, बंद पडलेलं सोलर आणि घराची किंमत : पार्श्वभूमी

विदर्भातल्या गावांत घरावरच्या सोलरची पहिली मोठी पिढी आता दहा वर्षांची होत आली आहे. ही घरं विकली जातात, भावाभावांत वाटली जातात, कर्जाला तारण लागतात. कुठे रस्ता, धरण किंवा कोळसा खाणीच्या भूसंपादनात सापडतात. मूल्यांकन अहवालात मात्र स्लॅबवरच्या प्लेटांना जेमतेम एक ओळ मिळते : क्षमता, बसवल्याचं साल, घसारा, रक्कम. रेडी रेकनरचे (सरकारी बाजारमूल्य तक्त्याचे) बांधकाम दर आरसीसी, पक्कं, अर्धं पक्कं, कच्चं अशा वर्गांवर चालतात, त्यामुळे तिथून सोलरचा आकडा मिळत नाही. तो मूल्यांकन करणाऱ्यालाच काढावा लागतो.

सुरुवातीचं घरगुती सोलर म्हणजे ३७ वॉटची एक प्लेट, १२ व्होल्टची ४० एएच बॅटरी आणि दोन सीएफएल. २०१७ च्या सौभाग्य योजनेत मेळघाटातल्या आणि गडचिरोलीतल्या दुर्गम वस्त्यांसाठी २०० ते ३०० वॉटचा संच ठरला : पाच एलईडी, एक डीसी पंखा, एक सॉकेट, ५ वर्षांची देखभाल. देखभालीची मुदत संपते साधारण तेव्हाच बॅटरीही संपते. कवेलूच्या घराशेजारी खांबावर उरलेल्या अशा प्लेटेची किंमत भंगाराइतकी धरतात, आणि ते बरोबरच आहे.

खरा गुंता २०१५ नंतरचा. त्या वर्षी राज्यात नेट मीटरिंगचे, म्हणजे ग्रिडला दिलेली वीज बिलातून वजा करण्याचे, नियम आले, २०१९ च्या अखेरीस ते नव्याने लिहिले गेले. २०१५ पर्यंत सोलर हे घरातलं एक उपकरण होतं. आता त्याचा हिशेब थेट वीजबिलात उतरू लागला. २०१९ मध्ये केंद्राचं अनुदान ३ किलोवॉटपर्यंत ४० टक्के झालं. २०२४ च्या पीएम सूर्यघर योजनेने टक्केवारी सोडून ठोक रक्कम दिली : २ किलोवॉटपर्यंत दर किलोवॉटला ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,०००, एकूण कमाल ७८,०००. या रकमांनी नव्या सोलरचा भाव खाली आणला आणि जुन्याचाही. अहवालांनी मात्र याची दखल घेतलेली दिसत नाही.

याचं कारण म्हणजे सोलरचं आयुष्य म्हणून धरला जाणारा '२५ वर्षं' हा आकडा. त्याच्याकडे नीट पाहायला हवं, कारण सगळी चुकीची मूल्यांकनं त्याच्यावरच उभी आहेत. प्लेट बनवणारा साधारणपणे १० वर्षांपर्यंत ९० टक्के आणि २५ वर्षांपर्यंत ८० टक्के उत्पादनाची हमी देतो. ही हमी काचेखालच्या सेलची असते. सौर प्रकल्पांचे वीजदर ठरवतानाही प्रकल्पाचं आयुष्य २५ वर्षं आणि शेवटी उरणारी किंमत १० टक्के धरली गेली. मोठ्या प्रकल्पाला ते शोभतं. तिथे देखभालीची माणसं असतात, इन्व्हर्टर (प्लेटांची डीसी वीज वापराच्या एसीत बदलणारं यंत्र) बदलण्याची तरतूद असते. तोच आकडा गावातल्या छतावर जसाच्या तसा लावला गेला.

हिशेब करून पाहा. समजा २०१६ मध्ये ३ किलोवॉटला २,१०,००० रुपये लागले. १० टक्के शेवटची किंमत सोडली तर घसाऱ्याला १,८९,००० उरतात, वर्षाला ७,५६०. दहा वर्षांनी कागदावर १,३४,४०० रुपये शिल्लक. दुसरीकडे २०२४ च्या योजनेने धरलेली प्रमाण किंमत ३ किलोवॉटला १,४५,००० आहे. अनुदान वजा जाता ६७,०००. बाजारात प्रत्यक्ष भाव याहून जास्त लागतो, हे खरं. तरी दहा वर्षं उन्हात तापलेल्या संचाला नव्याच्या दुप्पट किंमत लावणारा अहवाल कोणत्याही घेणाऱ्याला पटणार नाही. हिशेब आजच्या नव्या किमतीपासून सुरू व्हावा आणि भागाभागाने व्हावा : प्लेटा २५ वर्षं, स्ट्रिंग इन्व्हर्टर साधारण १०, ट्युब्युलर (लेड-ॲसिड) बॅटरी ४ ते ५. मजुरी आणि उभारणीचा खर्च संच काढला की बुडतो. त्यावर घसारा कसला काढायचा?

शिवाय आपल्याकडचं ऊन. नवतपात, म्हणजे मे अखेरीच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, प्लेटेचं तापमान ६५ अंशांवर जातं. २५ अंशांच्या वर दर अंशाला जुन्या पॉली (पॉलिक्रिस्टलाइन) प्लेटेचं उत्पादन सुमारे ०.४ टक्क्याने घटतं, म्हणजे १६ टक्के तर तिथेच गेले. ही घट तात्पुरती असते. पण वर्षानुवर्षं तापून-थंड होऊन मागची पांढरी शीट पिवळी पडते, तडकते, पावसाळ्यात ओल आत शिरते आणि इन्व्हर्टर 'इन्सुलेशन फॉल्ट' (वीजगळतीचा इशारा) दाखवून बंद होतो. घरमालक म्हणतो, पावसाळ्यातच त्रास देतं. ही खूण गंभीर असते. मार्चच्या गारपिटीत काच शाबूत राहूनही आतले सेल तडकतात. माकडं प्लेटांवर उड्या मारतात, केबल ओढतात आणि प्लेटांच्या केबल जोडणारा एमसी-४ कनेक्टर सैल होऊन जळतो.

'चालू आहे' एवढं म्हणणं पुरेसं नाही. संचाने बनवलेली वीज मोजणाऱ्या जनरेशन मीटरचं एकूण रीडिंग घ्यावं. आपल्या भागात १ किलोवॉट वर्षाला साधारण १,४०० युनिट देतो. ३ किलोवॉटचा संच ८ वर्षांत ३३,००० च्या आसपास हवा. रीडिंग १८,००० असेल तर तो बराच काळ बंद होता, किंवा शेजारच्या कडुनिंबाची सावली पडते. मग मागच्या बारा महिन्यांची बिलं पाहावीत. त्यानंतर छतावर जाऊन मल्टिमीटर लावावा. ७२ सेलच्या ३३० वॉट प्लेटेचं ओपन सर्किट व्होल्टेज (प्लेट कशालाही न जोडता मोजलेलं) ४६ च्या आसपास लिहिलेलं असतं. भर उन्हात तापलेल्या प्लेटेने ४० दाखवलं तर दोष नाही. पण २७ दाखवलं तर प्लेटेच्या तीन भागांपैकी एकाचा बायपास डायोड शॉर्ट झालाय, एक तृतीयांश प्लेट गेली. पूर्ण स्ट्रिंगचा (एका ओळीत जोडलेल्या प्लेटांचा) मेगर, म्हणजे इन्सुलेशनची चाचणी, घ्यावा. १ मेगओमच्या खाली आकडा आला तर तो संच चालू म्हणून मोजूच नये.

बंद संचाची किंमत शून्य धरणंही नेहमी बरोबर नसतं, ती उणे असू शकते. अँकर बोल्टच्या भोकांतून स्लॅब गळतो, टिनाच्या छतावर भोकं बुजवूनही पत्रे बदलावे लागतात. उतरवणं, वाहतूक, वॉटरप्रूफिंग, हे सगळं घेणाऱ्याच्या माथी पडतं. त्यात सूर्यघरची अट आहे की त्या घराने आधी सोलरचं दुसरं अनुदान घेतलेलं नसावं. जुना अनुदानित संच मेलेला असला तरी त्याची नोंद जिवंत असते, आणि नव्या मालकाचे ७८,००० अडकू शकतात. व्यवहाराआधी ग्राहक क्रमांकावरून हे तपासलं पाहिजे. नेट मीटर कोणाच्या नावावर आहे, संचावर कर्जाचा बोजा आहे का, हेही त्याच वेळी पाहावं.

कायद्याचा वाद भूसंपादनात तापतो. १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा, घराच्या कायमच्या उपभोगासाठी घराला जोडलेली वस्तू जमिनीशी जोडलेली मानतो. स्लॅबला बोल्टने कसलेलं सोलर त्यात बसतं, असं घरमालक म्हणतात. पान्याने सुटतं म्हणजे जंगम (हलवता येणारी वस्तू), असं संपादन करणाऱ्यांकडून उत्तर मिळतं. फरक मोठा पडतो. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात जोडलेल्या मालमत्तेच्या किमतीवर १०० टक्के दिलासा रक्कम मिळते. जंगम ठरलं तर फार तर हलवण्याचा खर्च. घराच्याच वापरासाठी बसवलेला, मीटरला जोडलेला संच जोडलेलाच धरावा, हे जास्त न्याय्य आहे. साध्या विक्रीत हा वाद टाळता येतो : खरेदीखतात प्लेटांची संख्या, वॉट, अनुक्रमांक आणि इन्व्हर्टरचा क्रमांक लिहायचा.

भंगाराचा प्रश्न उरतो. एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत सोलर प्लेटा आल्या आणि उत्पादकांनी तो कचरा २०३४-३५ पर्यंत साठवून ठेवायचा आहे. गावात येणारा भंगारवाला मात्र ॲल्युमिनियमची चौकट आणि तांब्याची केबल नेतो, बॅटरी शिशाच्या वजनावर घेतो. काच आणि सेलचा थर धुऱ्यावर पडून राहतो. तो जवळच्या संकलन केंद्रापर्यंत नेण्याचं भाडं मूल्यांकनात वजा बाजूला लिहिलं पाहिजे.