कोल्ड स्टोरेजचा अमोनिया वेगळा, कलिना सायकलचं मिश्रण वेगळं

कुपवाड-तासगाव पट्ट्यात बेदाण्याची कोल्ड स्टोरेजं एवढी आहेत की अमोनिया म्हणजे काय हे आपल्याकडं कुणाला सांगावं लागत नाही. आणि त्यामुळंच वेस्ट हीटवर, म्हणजे वाया जाणाऱ्या उष्णतेवर, अमोनिया-पाण्याचं मिश्रण उकळवून वीज करणाऱ्या कलिना सायकलचा विषय निघाला की दरवेळी तेच ऐकायला मिळतं, "अमोनिया उणे ३३ डिग्रीला उकळतो, मग कुठल्याही कोमट पाण्यावर वीज होणारच की." हे अर्धवट आहे, आणि अर्धवट माहितीवर लोक चुकीच्या जागी पैसे घालायला निघतात.

कोल्ड स्टोरेजचं तुम्हाला पाठच आहे. कॉम्प्रेसर, कंडेन्सर, रिसीव्हर, कॉइल. वीज घालायची, थंडी घ्यायची. कलिनात उलटं, पंपानं दाब द्यायचा, वेस्ट हीटवर उकळवायचं, टर्बाइन फिरवायची. तांबं-पितळ दोन्हीकडं वर्ज्य, गळतीची भीती दोन्हीकडं सारखीच. इथं कुणी गोंधळत नाही.

गोंधळ पुढं आहे. प्लांटवरचा गेज आठवा. दाबाच्या आकड्याशेजारीच टेंपरेचरचे आकडे छापलेले असतात आणि ऑपरेटर काटा बघून कॉइलमधलं टेंपरेचर सांगतो. हे जमतं कारण आत शुद्ध अमोनिया आहे, एका दाबाला एकच उकळबिंदू, पहिला थेंब आणि शेवटचा थेंब त्याच टेंपरेचरला उकळणार. कलिनात अमोनिया अधिक पाणी असतं आणि तिथं तो छापील आकडा काही कामाचा नाही. दाब तोच ठेवला तरी आधी जास्त अमोनिया उडतो, मागं राहिलेल्या द्रावणात पाण्याचं प्रमाण वाढत जातं, आणि उकळायचं टेंपरेचर हळूहळू वर सरकत राहतं. सगळी करामत या सरकण्यात आहे, उणे ३३ मधे नाही!

का ते बघा. समजा १२० डिग्रीचं गरम पाणी आहे आणि ते ८० पर्यंत उतरवून त्यातली उष्णता काढायचीय. शुद्ध द्रव घेतला तर तो ७५ ला उकळवावा लागेल, म्हणजे एका टोकाला फरक ५ डिग्रीचा आणि दुसऱ्या टोकाला ४५ चा, आणि तो ४५ चा फरक म्हणजे वीज करू शकणारी ताकद वाया घालवणं. बरं उकळबिंदू वर नेऊन ९५ केला तर पाणी १०० च्या खाली फारसं उतरतच नाही, निम्मी उष्णता तशीच निघून जाते. मिश्रण मात्र ७० ला उकळायला लागून ११० पर्यंत सरकत जाऊ शकतं, पाणी जसं उतरतं तसं हे त्याच्या मागोमाग. अलेक्झांडर कलिनानं १९८० च्या दशकात मांडलेली गोष्ट हीच. आइसलँडमधल्या हुसाविकला २००० साली सुमारे २ मेगावॅटचा असा प्लांट बसवला, तिथं जमिनीतलं साधारण १२० डिग्रीचं पाणी ८० पर्यंत उतरवून वापरलं.

पेंटेनसारख्या द्रवावर चालणारा ओआरसी (ऑरगॅनिक रँकिन सायकल, वेस्ट हीटवर वीज करायची दुसरी पद्धत) या हिशोबानं कोल्ड स्टोरेजच्या अमोनियाचाच भाऊ, कारण द्रव शुद्ध. तरी ओआरसी आणि कलिना एकच म्हणून सांगणारे भेटतात, फार राग येतो.

आता आपल्या भागाचं. साखर कारखान्यात रस आटवणाऱ्या शेवटच्या बॉडीची व्हेपर, म्हणजे वाफ, कंडेन्सरला वाया जाते, त्यावर कलिना बसवा असं लोक सांगतात. त्या व्हेपरचं ५५ डिग्रीच्या आसपास एकाच टेंपरेचरला पाणी होतं. उष्णता देणाराच सरकत नाही तर घेणारा सरकून काय उपयोग? त्यात ५५ आणि कुलिंगचं पाणी ३०-३५, मधे उरलं काय. मिश्रणाचा फायदा फक्त उतरत जाणाऱ्या उष्णतेवर, म्हणजे गरम पाणी, भट्टीचा धूर, इंजिनाचं एक्झॉस्ट. तिथंसुद्धा धूर ४०० च्या वर असेल तर मी सरळ वाफेचीच टर्बाइन घेईन, आपल्या माणसांना ती चालवता येते.

थंड करायच्या बाजूची एक अडचण कोल्ड स्टोरेजवाल्यांना लगेच कळेल. एप्रिल-मे मधे हेड प्रेशर (कंडेन्सरमधला दाब) चढतं ना, शुद्ध अमोनियाच्या वाफेचा ३५ डिग्रीला परत द्रव करायचा तर गेजवर साडेबारा किलोच्या (दर चौरस सेंटिमीटरला) आसपास दाब राहतो. टर्बाइनच्या मागं एवढा दाब ठेवला तर वीज कशी मिळणार. म्हणून कलिनात सेपरेटरमधून (उकळल्यावर वाफ आणि द्रव वेगळे करणारी टाकी) आलेलं कमी अमोनियाचं गरम द्रावण, त्यातली उष्णता काढून घेऊन, टर्बाइनमधून बाहेर पडलेल्या वाफेत परत मिसळतात, ते वाफ शोषून घेतं आणि दाब खाली येतो. ही जास्तीची पाइपिंग आणि एक्स्चेंजर हीच कलिनाची खरी किंमत.

आणि ऑपरेटरला गेजसोबत द्रावणाचं प्रमाणही तपासत राहावं लागतं. वाफेच्या बाजूनं गळती झाली तर अमोनिया जास्त जातो, प्रमाण बदलतं, आणि उकळायची सगळी रेषाच हलते. तुमचा सोर्स कुठल्या टेंपरेचरपासून कुठपर्यंत उतरतो हे मोजायच्या आधी कोटेशन मागवू नका.