जेपी१ : युनिव्हर्सल रिमोटला संगणकाशी जोडण्याची पद्धत

जेपी१ हे युनिव्हर्सल इलेक्ट्रॉनिक्स या अमेरिकी कंपनीने बनवलेल्या अनेक रिमोटांच्या सर्किट बोर्डावरील सहा पिनांच्या जोडाचे नाव आहे. जोडाशेजारी बोर्डावर ‘जेपी१’ अशी अक्षरे छापलेली असत, तेच नाव पुढे सगळ्या पद्धतीला चिकटले. सेलचे झाकण काढले की हा जोड दिसतो. काही मॉडेलांत पिना बसवलेल्या असतात, काहींत नुसती सहा भोके असतात. या जोडातून रिमोटच्या आतली स्मृती संगणकावर वाचता येते, बदलता येते आणि परत लिहिता येते. ग्राहकाने ही सोय वापरावी असा कंपनीचा हेतू नव्हता. माहिती-पुस्तिकेत तिचा उल्लेख सापडत नाही.

रिमोट संगणकावरून घडवण्याची कल्पना त्याआधीची आहे. ॲपलचे सहसंस्थापक स्टीव्ह वॉझ्निॲक यांच्या सीएल ९ कंपनीचा ‘कोअर’ हा रिमोट १९८७ मध्ये आला. त्यात ६५०२ प्रोसेसर होता आणि सीरिअल जोडातून तो ॲपल २ संगणकाला लावता येई. १९९८ मध्ये आलेल्या फिलिप्सच्या ‘प्रोंटो’चे पडदे तर संगणकावरच रचायचे असत. ती महागडी यंत्रे होती. १९८६ मध्ये स्थापन झालेल्या युनिव्हर्सल इलेक्ट्रॉनिक्सचे रिमोट मात्र ‘वन फॉर ऑल’ आणि ‘रेडिओशॅक’ या नावांखाली अमेरिकेत साध्या दुकानांत मिळत, केबल कंपन्या तर ते बॉक्ससोबत देत. स्वस्त रिमोटमध्ये महागड्याची बरीचशी करामत दडलेली आहे हे हौशी मंडळींच्या लक्षात आले, आणि २००० नंतर या पद्धतीने जोर धरला.

स्मृतीत काय असते

जुन्या, म्हणजे खऱ्या अर्थाने जेपी१, रिमोटांत मुख्य प्रोसेसरशेजारी २४सी मालिकेतली आठ पायांची ईईप्रॉम चिप असते. २४सी०४ मध्ये ५१२ बाइट, २४सी०८ मध्ये १,०२४, २४सी१६ मध्ये २,०४८. सेल काढले तरी यातले काही पुसले जात नाही, म्हणूनच सेल बदलल्यावर रिमोट पुन्हा शिकवावा लागत नाही. कोणत्या कळीवर कोणते उपकरण, मॅक्रो (एका दाबात चालणारी कळांची मालिका), हलवलेल्या कळा (दुसऱ्याच कळीवर बसवलेली कार्ये), दुसऱ्या रिमोटकडून शिकलेले संकेत हे सगळे याच दोनेक हजार बाइटांत कोंबलेले असते. कारखान्यातून येणारी उपकरणांची मोठी यादी मात्र प्रोसेसरच्या रॉममध्ये असते. ती बदलता येत नाही, तिच्यात भर घालता येते. या भरीला ‘अपग्रेड’ म्हणतात.

संगणकाशिवायही थोडे काम होते. सेट-अप कळ दाबून धरली की दिवा दोनदा लुकलुकतो. मग ९९४, पुन्हा एकदा सेट-अप, तीन आकडी ईएफसी, म्हणजे त्या कार्याचा सांकेतिक क्रमांक, आणि शेवटी हवी ती कळ, एवढ्यात एक कार्य त्या कळीवर येते. एका कळीला हे ठीक आहे. तीस कळांसाठी कोणी करत बसले, तर पंचविसाव्या कळीला आकडा चुकतोच.

पिना बसवणे

भोके रिकामी असतील तर २.५४ मिमी अंतराची, तीन-तीनच्या दोन रांगांची पिनपट्टी लागते. सेलच्या कप्प्यातला स्क्रू काढून कवच उघडावे. बाकीचे कवच खाचांवर अडकलेले असते. तिथे स्क्रूड्रायव्हर घातला की काठ ओरखडतात, त्यामुळे जुने एटीएम कार्ड बरे. भोकांत कारखान्याचे सोल्डर भरलेले असेल, तर ते तांब्याच्या जाळीने किंवा सोल्डर-पंपाने ओढून घ्यावे. सोल्डरिंगची इस्त्री ३३० ते ३५० अंश सेल्सिअसवर ठेवून प्रत्येक पिनेला दोन-तीन सेकंद द्यावेत. जास्त वेळ टेकवली तर भोकाभोवतीची तांब्याची चकती उचलली जाते, आणि हे नुकसान मग वायरने टाके घालूनच भरून काढावे लागते.

बोर्डाच्या दुसऱ्या अंगाला कळांखालचे काळे कार्बनचे ठिपके असतात. त्यांवर फ्लक्स (सोल्डर नीट पसरवणारे चिकट द्रव्य) उडू देऊ नये. उडालाच तर आयसोप्रोपिल अल्कोहोलात भिजवलेल्या कापसाने टिपावा. घासला तर कार्बनही निघतो आणि ती कळ कायमची मुकी होते. पिना लावण्याआधी कप्प्याच्या प्लॅस्टिकमध्ये त्यांच्यासमोर खिडकी आहे का ते बघून घ्यावे. नसेल तर ती कापावी लागते, आणि झाकण बसण्यापुरतीच पिनांची उंची ठेवावी लागते.

कोणती पिन कशाची हे चित्रावरून ठरवण्यापेक्षा मीटरने तपासणे शहाणपणाचे. ईईप्रॉमच्या पायांची रचना ठरलेली असते : ४ जमीन (ग्राउंड), ५ एसडीए (माहितीची तार), ६ एससीएल (तालाची तार), ७ लेखनबंदी, ८ पुरवठा. सेल काढून, मीटर बीपवर ठेवून या पायांपासून जोडाच्या पिनांपर्यंतचे मार्ग शोधले की पाच मिनिटांत नकाशा तयार होतो. यात न सापडलेली एक पिन प्रोसेसरच्या रीसेटची असते, आणि तीच सर्वांत महत्त्वाची. ईईप्रॉमच्या दोन तारांवर रिमोटचा प्रोसेसरही बोलत असतो. संगणक बोलत असताना त्याला गप्प ठेवण्यासाठी रीसेट खाली, म्हणजे जमिनीला, धरून ठेवावा लागतो. तो सोडून दिला तर वाचलेले बाइट प्रत्येक वेळी थोडेथोडे वेगळे येतात. हे लक्षण दिसले की सोल्डर पुन्हा पुन्हा तपासत न बसता आधी रीसेट बघावा.

केबल आणि वाचन-लेखन

सुरुवातीच्या केबली प्रिंटरच्या पॅरलल पोर्टला लागत. ते पोर्ट गेले, आणि आता एफटीडीआय कंपनीच्या यूएसबी-सीरिअल चिपची केबल किंवा ३.३ व्होल्टवर चालणारा एखादा मायक्रोकंट्रोलर बोर्ड वापरतात. ५ व्होल्टचा बोर्ड थेट लावू नये. दोन सेलांचा रिमोट ३ व्होल्टवर चालतो आणि तारांवर ५ व्होल्ट आले तर जादा प्रवाह चिपच्या आत शिरतो.

स्वतः प्रोग्राम लिहून २४सी१६ मध्ये लिहायचे असेल, तर दोन गोष्टी सांभाळाव्यात. ही चिप आय-टू-सी या दोन तारांच्या संवादपद्धतीत ०x५० ते ०x५७ अशा आठ पत्त्यांवर दिसते, प्रत्येक पत्त्यामागे २५६ बाइट. तिचे लेखन-पान, म्हणजे एका दमात लिहिता येणारा तुकडा, १६ बाइटांचे आहे. एका दमात सतरावा बाइट पाठवला तर तो पुढच्या पानावर न जाता त्याच पानाच्या आरंभी बसतो आणि तिथला मजकूर गिळतो. प्रत्येक पानानंतर ५ ते १० मिलिसेकंद थांबावेही लागते.

रोजच्या कामाला ‘आयआर’ आणि नंतर आलेला जावावरचा ‘रिमोटमास्टर’ हे प्रोग्राम पुरतात. प्रत्येक मॉडेलसाठी त्यांना एक आरडीएफ फाइल लागते. कोणता विभाग कोणत्या बाइटपासून सुरू होतो हे ती सांगते. पहिले काम एकच : स्मृती जशीच्या तशी वाचून मूळ प्रत म्हणून जपून ठेवणे. दोनदा वाचून दोन्ही फाइली तंतोतंत जुळतात का ते बघावे. त्याआधी लिहायला घेऊ नये. सेल नवे असावेत, कारण मरतुकड्या सेलांवर वाचन नीट होते आणि लेखन मात्र अर्ध्यात फसते.

स्मृतीत बेरीज-तपासणीचे (चेकसम) बाइट असतात, म्हणजे बाकीच्या बाइटांची बेरीज जुळते का ते पाहणारे. हे प्रोग्राम ते आपोआप जुळवतात. साध्या हेक्स-संपादकात मधलाच एखादा बाइट बदलून परत लिहिला, तर तपासणी चुकते, रिमोट स्मृती बिघडली असे धरतो आणि सगळे पुसून कोऱ्या स्थितीत येतो. माणूस म्हणतो लेखन झालेच नाही. झालेले असते, रिमोटने ते फेकून दिलेले असते.

एका कळीचे उदाहरण

एलजीच्या टीव्हीची पॉवर कळ घ्या. मायक्रोकंट्रोलरवर संकेत पकडला तर २०डीएफ१०ईएफ असा हेक्स (सोळा-आधारी) आकडा मिळतो. हा एनईसी प्रोटोकॉल, म्हणजे संकेत पाठवण्याची एक ठरलेली पद्धत : ३८ किलोहर्ट्‌झची वाहक लहर, आरंभी ९ मिलिसेकंद संकेत आणि ४.५ मिलिसेकंद शांतता, मग ३२ बिट. प्रत्येक बिटात ५६० मायक्रोसेकंदांचा संकेत, त्यामागची शांतता तेवढीच असेल तर शून्य आणि सुमारे १,६९० असेल तर एक. प्रत्येक बाइटामागे त्याचा पूरक बाइट येतो, म्हणून डीएफ आणि ईएफ. एनईसी लहान बिट आधी पाठवतो, पण पकडणारा प्रोग्राम मोठा बिट आधी धरून लिहितो. म्हणजे २० चे आठ बिट उलटे वाचले की उपकरण क्रमांक ४, आणि १० चे उलटे वाचले की कार्य क्रमांक ८. रिमोटमास्टरमध्ये हेच ४ आणि ८ भरायचे. २० आणि १० भरले की अपग्रेड बिनतक्रार तयार होते आणि टीव्ही ढिम्म हलत नाही. नवख्यांची सर्वाधिक फसगत इथे होते.

दुसरी फसगत एनईसी१ आणि एनईसी२ यांच्यात होते. कळ दाबून धरल्यावर पहिला फक्त छोटी ‘पुन्हा’ची खूण पाठवतो, दुसरा अख्खा संकेत. चुकीचा निवडला तर पॉवर चालते, आवाजाची कळ मात्र धरून ठेवूनही एकच पायरी चढते. सोनीचा प्रोटोकॉल ४० किलोहर्ट्‌झचा आहे, आणि एक संकेत किमान तीनदा आल्याशिवाय सोनीची उपकरणे तो मानत नाहीत.

प्रोटोकॉल रॉममध्ये नसेल, तर त्याचा छोटा यंत्रभाषेतला तुकडाही अपग्रेडसोबत घालता येतो. तो प्रोसेसरच्या जातीचाच हवा. एस३सी८ साठीचा तुकडा ६८०५ असलेल्या रिमोटमध्ये घातला तर कळ दाबताच रिमोट गोठतो. सेल काढून, रीसेट धरून मूळ प्रत परत लिहिली की तो जागा होतो.

संकेत शिकवणे सोपे वाटते, म्हणून लोक अपग्रेड टाळतात. पण शिकलेला एक संकेत काही डझन बाइट खातो, हलवलेली कळ चार-पाच बाइटांत बसते. शिवाय फिलिप्सच्या आरसी-५ मध्ये प्रत्येक दाबाला उलटणारा एक बिट असतो. शिकलेल्या संकेतात तो गोठून राहतो. मग ११ क्रमांकाचे चॅनल लावायला १ दोनदा दाबला, तर टीव्ही तो एकच लांब दाब समजतो आणि १ वर जाऊन बसतो.

पुढच्या पिढ्या

जेपी१.१ ते जेपी१.३ या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या रिमोटांत वेगळी ईईप्रॉम नसते, स्मृती प्रोसेसरच्या पोटातच फ्लॅशमध्ये असते. जोड तसाच सहा पिनांचा दिसतो, पण तारांवर आता सीरिअल संवाद चालतो. त्यामुळे जुनी पॅरलल केबल इथे उपयोगाची नाही, आणि आतली चिप शोधत कवच उघडण्यातही अर्थ नाही. या पिढ्यांत पिना बऱ्याचदा आधीच बसवलेल्या असतात.

भारतात हे रिमोट फारसे विकले गेले नाहीत, अमेरिकेहून कोणी आणले तरच हाताशी येतात. पिनपट्टी, २४सी१६ आणि ३.३ व्होल्टची यूएसबी-सीरिअल पट्टी मात्र मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत मिळते. शेवटची चाचणी फोनवरही होते : रिमोटचा दिवा कॅमेऱ्यासमोर धरून कळ दाबली की जांभळट लुकलुक दिसते. मागच्या कॅमेऱ्यात दिसली नाही तर पुढचा वापरावा, कारण मागच्याला इन्फ्रारेड गाळणारी काच बहुधा जाड असते.