बीटच्या कंदात साखर साठते कशी, आणि ती वाढवली कुणी

शुगर बीट म्हणजे कोशिंबिरीतल्या लाल बीटचंच सख्खं भावंड, फक्त पांढरं आणि अंगाने दांडगं. उसाला हजारो वर्षांचा इतिहास आहे, याचा सगळा मामला जेमतेम पावणेतीनशे वर्षांचा. १७४७ मध्ये बर्लिनच्या आंद्रेआस मारग्राफने वाळवलेल्या बीटमधून अल्कोहोल वापरून स्फटिक काढले, मायक्रोस्कोपखाली बघितले, तर ती उसाचीच साखर! पण बरीच वर्षं कुणी फारशी दखल घेतली नाही. त्याचा शिष्य फ्रांझ आखार्ड मात्र चिकाटीचा, त्याने जास्त गोड पांढरं बीट निवडत नेलं आणि १८०२ पर्यंत सायलेशियात (आजच्या पोलंडमध्ये) कारखानाच सुरू केला. मग नेपोलियनने ब्रिटिश मालावर बंदी घातली, कॅरिबियन बेटांची साखर येईना, आणि १८११ ला ३२ हजार हेक्टरवर बीट लावायचा हुकूम निघाला.

तरी तेव्हा साखर ६-७ टक्क्यांच्या आसपास, आज १६ ते १८. हा फरक पडला तो मला वाटतं फ्रान्सच्या लुई द विल्मोरँमुळे. बीट दोन वर्षांचं पीक, पहिल्या वर्षी कंद भरतो, थंडी खाऊन दुसऱ्या वर्षी तीच साखर जाळून फुलतो. म्हणजे बियाण्यासाठी कंद जिवंत ठेवायलाच हवा, मग गोडी मोजायची कशी? तर हा माणूस कंदाचा छोटा तुकडा काढायचा, त्याचा रस पिळायचा, त्यात चांदीचा तुकडा बुडवून त्याचं वजन किती घटलं ते बघायचा, जास्त घटलं की रस दाट, आणि उरलेला कंद परत जमिनीत. वर त्या कंदाच्या पोरांचीही, म्हणजे त्याच्या बियांतून उगवलेल्या बीटचीही परीक्षा, कारण गोड बापाचं पोर गोडच निघेल याची खात्री नाही.

आत काय चालतं ते फार उशिरा कळलं. बीट आडवं कापलं की गोल गोल कडी दिसतात ना, त्या एकामागून एक तयार होणाऱ्या वाढीच्या पट्ट्या, आणि बहुतेक कडी रोप लहान असतानाच आखली जातात, नंतर नुसती फुगतात. पानातली साखर या कड्यांमधल्या नळ्यांतून खाली येते, नळ्यांजवळच्या बारीक पेशींत जास्त साठते आणि लांबच्या मोठ्या पेशींत कमी, म्हणूनच नुसता आकाराने मोठा कंद कामाचा नाही. कोवळ्या कंदात साखर फोडणारं एन्झाइम जोरात असतं, पुढे ते मंदावतं आणि साठा सुरू होतो. पेशीच्या आतल्या पिशवीत साखर ढकलणारा पंप (बीव्हीटीएसटी २.१) जर्मन संशोधकांनी २०१५ ला ओळखला, तो प्रोटॉन (धन भाराचे हायड्रोजनचे कण) पिशवीतून बाहेर सोडतो आणि त्या बदल्यात साखर आत घेतो. उशिरा युरिया मारला तर पाला माजतो आणि उतारा (निघणाऱ्या साखरेचं प्रमाण) पडतो, हे ऊसवाल्यांना सांगायला नको.

महाराष्ट्रातही उष्ण हवामानाच्या वाणांच्या चाचण्या झाल्या. पण बीट उसासारखं रोलरमध्ये पिळत नाहीत, पातळ काप करून गरम पाण्यात साखर उतरवतात, म्हणजे यंत्रं वेगळी. शिवाय उपटलेला कंद उन्हात पडला की साखर घटायला लागते, आणि चोथा जातो जनावरांना, मग बॉयलरमध्ये जाळायला बगॅस (ऊस पिळून उरलेला चोथा) कुठून आणायचं?